गिधाडे वाचतात ती गोठ्यात

२०२५च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एक मेलेला हत्ती गिधाडांचा काळ ठरला. त्याच्या मांसात कुणीतरी जहाल विष कालवून ठेवले होते. गिधाडे उतरली, नेहमीप्रमाणे गर्दी करून जेवली आणि जागीच कोसळू लागली. वनरक्षक पोहोचले तेव्हा १२३ गिधाडे मेलेली होती आणि ऐंशीहून अधिक माना टाकून पडलेली होती. मग हातघाईचे काम सुरू झाले. गिधाडाला धरले की ते अंगावर ओकते. विषबाधा झालेल्या गिधाडाच्या ओकारीतही विष असते. असा एकेक पक्षी उचलायचा, गळ्याखालच्या अन्नपिशवीत साठलेले मांस बाहेर काढायचे, ॲट्रोपीन टोचायचे, सलाइन द्यायचे, उरलेसुरले विष शोषले जावे म्हणून औषधी कोळसा पोटात घालायचा. काही पक्षी हेलिकॉप्टरने, काही खास गिधाडांसाठी तयार केलेल्या रुग्णवाहिकेतून पुनर्वसन केंद्रात गेले. उद्यानाचे कर्मचारी, ‘एन्डेंजर्ड वाइल्डलाइफ ट्रस्ट’चे कार्यकर्ते आणि मोहोलोहोलो केंद्रातली माणसे यांनी मिळून जिवंत सापडलेल्यांपैकी बहुतेक पक्षी वाचवले. त्याची छायाचित्रे जगभर गेली.

अशी छायाचित्रे पाहिली की वन्यजीव वाचवणे म्हणजे हेच, असे मनात बसते. दूरच्या आफ्रिकेत, जिवावर उदार होऊन, कुणा तज्ज्ञाने करायचे काम. या कामाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. पण मरणाच्या दारातून एक गिधाड ओढून आणायला जे हात लागतात, त्यांहून कितीतरी जास्त गिधाडे वाचवणारे दुसरे हात आहेत आणि ते कुठल्याही छायाचित्रात येत नाहीत. लंगडणाऱ्या बैलाला सुई देताना कोणती बाटली फोडायची, हे ठरवणारे ते हात. भारतातले गिधाड जंगलात मेले नाही, ते गोठ्यातून मेले. आणि वाचायचे असेल तर तिथूनच वाचेल. नांदेड-लातूरसारख्या जनावरांच्या मुलखाला म्हणून या गोष्टीशी थेट देणेघेणे आहे, जरी इथल्या आभाळात गिधाड दिसणे आता दुर्मीळ असले तरी.

आधी आफ्रिकेचे पाहू. तिथे विष मुद्दाम घातले जाते. हस्तिदंतासाठी हत्ती मारला की काही वेळात वर गिधाडे घिरट्या घालू लागतात आणि वनरक्षकांना शिकारीची जागा कळते. ही चहाडी थांबावी म्हणून शिकारी मेलेल्या हत्तीवरच विष पसरतात. २०१९च्या जूनमध्ये बोट्स्वानात तीन हत्तींच्या धडांवर असे विष टाकले गेले आणि ५३७ गिधाडे मेली. दुसरीकडे, गाय-वासरू मारणाऱ्या सिंह-तरसाचा सूड म्हणून पशुपालक मांसात कीटकनाशक कालवतात. सिंह मरतो की नाही कोण जाणे, गिधाडे मात्र हमखास मरतात. तिसरे कारण अंधश्रद्धेचे. गिधाडाला लांबचे दिसते, म्हणून त्याच्या मेंदूने माणसाला भविष्य दिसेल, लॉटरीचा आकडा कळेल, अशी समजूत दक्षिण आफ्रिकेत आहे आणि त्यासाठी बाजार आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकेतल्या २६ देशांमधून नोंदल्या गेलेल्या ७,८१९ गिधाड-मृत्यूंची कारणे तपासली होती. त्यांतले ६१ टक्के विषाने, २९ टक्के जादूटोणा व पारंपरिक औषधांच्या व्यापारामुळे आणि ९ टक्के विजेच्या तारांमुळे झालेले होते. त्याच वर्षी आफ्रिकेतल्या सहा जातींची धोक्याची पातळी एकदम वर चढवण्यात आली.

आपल्याकडे कुणीही गिधाडाला मारायला निघाले नव्हते. उलट जटायूमुळे या ओंगळ पक्ष्याला थोडाफार मानच होता. १९८०च्या दशकात भारतीय उपखंडात गिधाडे कोट्यवधी होती. गावाबाहेर ढोर टाकले की तासा-दोन तासांत सांगाडा उरायचा. नव्वदीत राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्या लक्षात आले की घरट्यांवर, फांद्यांवर गिधाडे मान खाली घालून बसतात आणि काही दिवसांनी पडतात. रोग म्हणावा तर जंतू सापडेना. कीटकनाशक म्हणावे तर प्रमाण पुरेना. उत्तर मिळाले २००४ साली, पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे चिरून पाहिली तेव्हा काळजावर, यकृतावर, मूत्रपिंडावर खडूची भुकटी फासावी तसा पांढरा थर होता. हा थर युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा. मूत्रपिंडे निकामी झाली की पक्ष्याच्या शरीरातला हा उत्सर्ग बाहेर न पडता आतल्या अवयवांवर साठतो. मूत्रपिंडे निकामी करणारे रसायन होते डायक्लोफिनॅक. गुडघेदुखीवर आपण घेतो तेच वेदनाशामक. १९९४च्या सुमारास त्याच्या पेटंटची मुदत संपली, ते स्वस्त झाले आणि गुरांच्या औषधांच्या पेटीत शिरले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारात एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांची गतही फार वेगळी नव्हती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: गावात वेदनाशामक दिलेली आणि नेमकी त्याच वेळी मेलेली जनावरे असतात तरी किती? तेवढ्याने कोट्यवधी पक्षी कसे संपतील? हा हिशोब शास्त्रज्ञांनी केला आहे आणि तो अंगावर येतो. गिधाडांची जी घसरण प्रत्यक्षात झाली, तेवढी व्हायला दर १३० ते ७६० मेलेल्या जनावरांमागे एका जनावरात प्राणघातक प्रमाणात डायक्लोफिनॅक असले तरी पुरे. कारण गिधाड एकटे जेवत नाही. एका धडावर पन्नास-शंभर उतरतात आणि त्या एका जेवणात सगळी जातात. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा वीण करते. म्हणजे हानी भरून निघायला पिढ्या लागतात. गोठ्याकडून पाहिले तर आणखी एक गोष्ट उलगडते. सुई धडधाकट जनावराला देत नाहीत. जे आजारी, जे अडलेले, जे बसले ते उठेना, त्याला देतात. त्यातली बरीचशी पुढच्या दोन-तीन दिवसांत दगावतात आणि औषध तेवढे दिवस मांसात टिकते. औषध नेमके मरणाऱ्यालाच मिळते. असे हे सापळ्याचे गणित कुणी आखलेले नव्हते, तरी ते अचूक बसले.

मग पर्याय शोधायला हवा होता आणि इथे आफ्रिकेची आणि आपली कहाणी एकमेकींत गुंतते. गिधाडाला सुरक्षित ठरेल असे वेदनाशामक शोधायचे तर ते गिधाडालाच देऊन पाहावे लागणार. उपखंडातली गिधाडे इतकी थोडी उरली होती की प्रयोगासाठी एकही गमावणे परवडणारे नव्हते. म्हणून दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरिया विद्यापीठातल्या गेरी स्वान आणि सहकाऱ्यांनी जखमांमुळे पुन्हा सोडता न येणाऱ्या आफ्रिकी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांवर मेलोक्सिकॅम हे औषध आधी तपासले आणि ते निर्धोक दिसल्यावरच भारतातल्या गिधाडांवर तपासले. निष्कर्ष २००६च्या आरंभी प्रसिद्ध झाले. आज आपल्याकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलोक्सिकॅमची बाटली असते ती आफ्रिकेतल्या पंख मोडलेल्या पक्ष्यांच्या पुण्याईने. त्याच विद्यापीठातल्या विनी नायडू आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की किटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामकही गिधाडांना मारते.

पुढचा भाग मात्र अभिमानाने सांगावा असा नाही. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली मे २००६ मध्ये. शोध लागल्यापासून दोन वर्षांत, हे चांगलेच झाले. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या मेडिकलमध्ये मिळतच राहिल्या आणि त्या गोठ्यात येत राहिल्या. २०१५ साली सरकारने माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असा नियम केला. हेतू सरळ होता: एका गायी-बैलाला अशा अनेक बाटल्या फोडाव्या लागल्या की तो खटाटोप आपोआप कमी होईल. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ साली नियम कायम केला. पण किटोप्रोफेनचा धोका २००९ला कळूनही बंदी आली जुलै २०२३ मध्ये. बांगलादेशाने ती आपल्याआधी, २०२१ मध्येच आणली होती. भारताच्या २०२३च्या त्याच आदेशात ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली. ते जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, म्हणजे पुढच्या दाराने हाकलले ते मागच्या दाराने आत येत होते. निमेसुलाइडची पाळी आली २०२४च्या डिसेंबरअखेर. प्रत्येक औषधाला वेगळा पुरावा, वेगळी समिती, वेगळी वर्षे. औषध बाजारात आणण्याआधीच ते गिधाडांना कसे आहे हे तपासायची सक्ती असती तर मधली वर्षे वाया गेली नसती. मृतभक्षी पक्ष्यांची चाचणी ही पशुवैद्यकीय वेदनाशामकांच्या परवान्याची अटच असायला हवी, असे मला वाटते.

‘बंदीने काय होते, कागदावरच राहते,’ असे म्हणणाऱ्यांसाठीही पुरावा आहे. बंदीच्या आधी आणि नंतर देशभरातल्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने गोळा करून तपासले गेले. बंदीआधी सुमारे ११ टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक होते, बंदीनंतर दोन वर्षांत ते साडेसहा टक्क्यांवर आले. हे पुरेसे नव्हते, पण त्याच काळात गिधाडांच्या घसरणीचा वेग मंदावला. औषध जेवढे घटले तेवढे मरण घटले. कारण आणि परिणाम यांचा दुवा याहून उघड कसा असेल?

दुसरीकडे हाताने करायचे कामही भारतात झाले आणि ते व्हायलाच हवे होते. हरियाणातल्या पिंजोरला २००१ पासून केंद्र उभे राहिले, पुढे तिथे पैदास सुरू झाली. आसामात, बंगालात, भोपाळजवळही केंद्रे झाली. तिथे गिधाडांना बकऱ्याचे मांस देतात आणि तो बकरा कापण्याआधी आठवडाभर बाजूला बांधून ठेवतात, कारण विकणाऱ्याने त्याला काय टोचले असेल याचा भरवसा नाही. ही साधी खबरदारी सगळ्या प्रश्नाचे मर्म सांगते. पिंजऱ्यातल्या शे-दोनशे पक्ष्यांसाठी आठ दिवस बकरा बांधून ठेवता येतो. बाहेरच्या आभाळाखालच्या गुरांना कोण बांधून ठेवणार? जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरची पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची मिळून २० गिधाडे विदर्भात पेंच आणि ताडोबाला आणली गेली, काही महिने जाळीत ठेवून, पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून सोडली गेली. त्यांतले ताडोबाचे एक गिधाड महाराष्ट्राबाहेर पडून भटकत भटकत सुमारे ४,००० किलोमीटर तोडून थेट तमिळनाडूत पोहोचले. सोडणाऱ्यांचे हात ताडोबाच्या हद्दीपर्यंत पोहोचतात. त्यापुढे प्रत्येक गावाच्या उकिरड्याकडे ते पाखरू कुणाच्या भरवशावर उतरते, तर त्या गावच्या गोठ्याच्या.

म्हणून गिधाडांसाठी ‘सुरक्षित क्षेत्र’ आखतात ते शंभर किलोमीटर त्रिज्येचे. त्याचे क्षेत्रफळ होते ३१,४०० चौरस किलोमीटर. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी साडेसतरा हजारांच्या आसपास भरतात, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. ताडोबा ते नांदेड हे सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आतले अंतर, गिधाडाला दोन-तीन दिवसांचे. ‘आमच्याकडे गिधाडेच नाहीत, आम्ही कशाला डोके लावायचे?’ हा मराठवाड्यातल्या वाचकाचा पहिला प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. गिधाडाला तालुका-जिल्हा नसतो. त्याला फक्त मेलेले जनावर दिसते, आणि जनावरांची या मुलखात वाण नाही.

कंधार तालुक्याने आपले नाव दिलेली लाल कंधारी, देवणीने नाव दिलेली देवणी, या दोन्ही जाती इथल्याच. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात या जनावरांची पारख होते. विष्णुपुरीच्या प्रकल्पाने गोदावरीचे पाणी उचलून कंधार-लोह्याच्या शिवारात नेले, तरी कोरडवाहू शेतकऱ्याचे उरलेले भांडवल बऱ्याच ठिकाणी आखाड्यावर बांधलेले जनावरच आहे. बैलाचा पाय मुरगळला, खांदा सुजला, गायीची कास दगडासारखी झाली, वेत झाल्यावर गाय उठेना, लंपीच्या साथीत ताप उतरेना, अशा वेळी शेतकरी पहिल्यांदा विचारतो ते दुखणे कमी करणारी सुई. सरकारी दवाखाना लांब असतो, डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले असतात. मग गावातला खाजगी सुई देणारा येतो, किंवा मुलगा मोटारसायकलवर मेडिकलला जाऊन ‘दुखण्यावरचं द्या’ म्हणून बाटल्या आणतो. माणसासाठीचे डायक्लोफिनॅक वैधच आहे. विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते रुग्णाला दिले जाते यात काहीच चूक नाही. चूक होते ती बाटली माणसाच्या दुकानातून गोठ्यापर्यंतचा प्रवास करते तेव्हा. हा प्रवास रोखायला ना हेलिकॉप्टर लागते ना उपग्रह.

‘शेतकऱ्याने जनावराचे दुखणे बघायचे की आभाळातले पाखरू?’ हा दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. असा पेच खरोखरच असता तर मी शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण तो नाही. मेलोक्सिकॅम सूज, दुखणे आणि ताप या तिन्हींवर चालते, आता ते अनेक कंपन्या बनवतात आणि महागही राहिलेले नाही. त्याच्या जोडीला टोल्फेनॅमिक ॲसिड हे दुसरे औषधही गिधाडांना निर्धोक ठरले आहे; बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेचा त्यात हातभार आहे. ‘पण डायक्लोफिनॅकने जनावर लगेच उभे राहते’ हा अनुभव सांगणारे भेटतात. लगेच उभे राहिलेले जनावर बरे झालेले असतेच असे नाही. दुखणे झाकले गेले की मूळ आजाराकडे दुर्लक्ष होते, हे उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला कोणताही डॉक्टर सांगेल. शेतकऱ्याला गिधाडासाठी काही सोडावे लागत नाही. बाटलीवरचे नाव तेवढे बदलावे लागते.

आणि गिधाड नसण्याची किंमत शेवटी माणसानेच मोजली आहे. गिधाडे गेली तशी उघड्यावरची ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात देशात कुत्र्यांची संख्या ५५ लाखांनी वाढल्याचा आणि रेबीजने सुमारे ४८ हजार जादा माणसे गेल्याचा अंदाज मांडला. २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी आणखी एक पाऊल पुढे जाऊन जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना केली. पूर्वी जिथे गिधाडांना पोषक परिस्थिती होती, तिथे १९९४नंतर माणसांचे मृत्यू चार टक्क्यांहून जास्त वाढले. जिथे गिधाडे मुळातच फारशी नव्हती तिथे तसे झाले नाही. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा हिशोब आहे. ‘दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे कसे?’ हे विचारलेच पाहिजे. पण गिधाडे असलेले आणि नसलेले जिल्हे, औषध स्वस्त होण्याआधीचा आणि नंतरचा काळ अशी दुहेरी तुलना असल्यामुळे तो योगायोग मानणे अवघड जाते. मेलेले ढोर कुत्रीही खातात हे खरे, पण गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके तीव्र असते की काळपुळीसारख्या रोगाचे जंतूही तिथे सहसा टिकत नाहीत. कुत्रे अर्धवट खाऊन पांगते आणि तोंडाला लागलेले गावात घेऊन येते.

तिसरा आक्षेप खाद्याचा. मेलेली जनावरे आता उघड्यावर पडतातच कुठे, मग औषध बदलून गिधाडे येतील कशी? याला तथ्य आहे. शहरांजवळ जनावरे पुरली जातात, लंपीच्या काळात तर पुरणे बंधनकारकच होते. नाशिकजवळ हरसूलच्या भागात आणि गडचिरोलीत वनखात्याने गिधाडांसाठी खाद्याच्या जागा केल्या. रायगडमधल्या चिरगावला महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची झाडे आणि खाद्य दोन्ही सांभाळले. पण महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि निसर्गप्रेमी लेखनात ती सहसा गाळली जाते. ‘पूर्वी गावाबाहेर ढोरे टाकत, सगळे कसे छान चालले होते’ असे म्हणताना ढोर ओढून नेणारे, सोलणारे कोण होते, हे विसरून चालत नाही. ते काम जातीने लादलेले होते, आणि १९२७च्या महाड परिषदेपासून बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे आणि मृतमांस यांपासून दूर होण्याचे जे आवाहन केले ते माणसाच्या प्रतिष्ठेचे होते. गिधाडासाठी ती जुनी व्यवस्था परत आणायची भाषा कुणी करू नये. खाद्याच्या जागा करायच्या तर ते ग्रामपंचायतीचे किंवा वनखात्याचे पगारी काम असावे, त्याला गाडी असावी, हातमोजे असावेत, ज्याला हवे त्याने ते करावे. आणि तपासणी न करता खाद्य टाकले तर अशी जागा गिधाडांना बोलावून मारणारी ठरेल. म्हणजे फिरून प्रश्न औषधावरच येतो. खाद्य ही दुसरी पायरी झाली, पहिली नाही.

हे सगळे स्वप्नरंजन नाही, हे शेजारच्या नेपाळने दाखवून दिले आहे. तिथे गावोगाव फिरून दुकानांतले डायक्लोफिनॅक गोळा केले गेले, त्याऐवजी मेलोक्सिकॅम दिले गेले. २००६ पासून नवलपरासी जिल्ह्यात गावकऱ्यांनी म्हातारी गुरे सांभाळून ती नैसर्गिकरीत्या मेल्यावर गिधाडांसाठी ठेवण्याची जागा चालवली. आधी औषध, मग खाद्य आणि सगळ्यात शेवटी, २०१७ पासून, पिंजऱ्यातले पक्षी बाहेर सोडणे, असा क्रम त्यांनी पाळला. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घसरण तिथे थांबली आणि संख्या सावरू लागली. आपल्याकडे कधीकधी हा क्रम उलटा होतो. सोडण्याच्या कार्यक्रमाला मंत्री येतात, मेडिकलच्या तपासणीला कॅमेरा येत नाही.

आफ्रिकेचा मार्ग यापुढेही वेगळाच राहील. तिथे विष मुद्दाम घातले जाते, म्हणून गस्त, खटले, विष टाकलेले धड ताबडतोब जाळून टाकणारी प्रशिक्षित पथके आणि पक्ष्यांच्या पाठीवरची यंत्रे, हे सारे लागणारच. आपल्या गोठ्यातले विष मात्र अजाणता जाते आणि अजाणतेपण हा गुन्ह्यापेक्षा सोपा रोग आहे. नांदेड-लातूरच्या वाचकाने एवढे करावे: जनावराला दुखण्यावरची सुई द्यायची वेळ आली की औषधाचे नाव विचारावे. मेलोक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड असेल तर ठीक. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन किंवा निमेसुलाइड असेल तर बाटली परत द्यावी, कारण जनावरासाठी ती देणेच बेकायदा आहे. आणि यांपैकी काही टोचलेले जनावर दगावलेच, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे.